विसावा फेरा

रामदास सरांच्या मोजण्यावर जुन्नर-आंबेगावात कुणी शंका घेत नसे. नारायणगावच्या एका शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं पोरांना खेळ शिकवले. कबड्डीचे गुण असोत, खो-खोची मिनिटं असोत, की पाच हजार मीटरच्या धावण्यातले फेरे, सरांच्या वहीत एकदा आकडा पडला की तो काळ्या दगडावरची रेघ. पंचांची आपसात जुंपली की कुणीतरी म्हणायचं, "अरे, सरांना विचारा ना राव," आणि भांडण तिथंच मिटायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी शर्यत कुठंही असो, फेऱ्यांचा बोर्ड फिरवायला बोलावणं यायचं ते सरांनाच. सर नको नको म्हणायचे, आणि आदल्या दिवशीच शिट्टी, पेनं आणि वही पिशवीत भरून ठेवायचे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जुन्नरात मोसमातली पहिली सायकल शर्यत होती. नदीकाठच्या नव्या बागेला आतून गोल डांबरी रस्ता आहे, बरोबर अकराशे मीटरचा. एरवी तिथं म्हातारी माणसं सकाळी चालायला येतात आणि संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात. हा रस्ता शर्यतीसाठी केल्यासारखाच आहे, हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते हौशीरामच्या. हौशीराम म्हणजे तालुक्याच्या सायकल मंडळाचा अध्यक्ष आणि शर्यतीचा मुख्य पंच. तो आणि सर शाळेपासूनचे दोस्त. दोघांनी तरुणपणी दुधाच्या किटल्या अडकवायच्या काळ्या सायकलींवर शर्यती मारल्या होत्या. जिल्हा संघाची निवड यापुढं याच बागेत व्हावी, असं हौशीरामच्या मनात होतं, आणि ते बघायला त्यानं पुण्याहून दोन पाहुणे मुद्दाम बोलावले होते.

सकाळी सात वाजता बागेत धुकं असं दाटलं होतं की पलीकडच्या वळणावरचा माणूस दिसत नव्हता. गवत दवानं चिंब होतं. सरांनी मफलर कानावरून घट्ट केला, अंतिम रेषेशेजारी टेबल मांडून घेतलं, पत्र्याच्या आकड्यांचा बोर्ड उभा केला आणि शेवटच्या फेऱ्याला वाजवायची पितळी घंटा खांबाला टांगली. मुलींची शर्यत पहिली, वीस फेऱ्यांची. बोर्डवर सरांनी वीसचा आकडा लावला. पुढची मुलगी रेषा ओलांडेल तसा एकेक आकडा कमी करायचा आणि वहीत तिचा नंबर लिहायचा, एवढंच काम. पण सरांची आणखी एक सवय होती. पुढची आणि मागचा घोळका यांत किती सेकंदांचं अंतर आहे, तेही ते शेजारी टिपून ठेवत. ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

नावं नोंदवायच्या टेबलाशी एक डोक्याला मुंडासं बांधलेला माणूस हातात सायकल धरून उभा होता. शेजारी विशीतली एक काटक पोरगी. सर सहज तिकडं गेले.

"कुठून आलात?"

"तळेघर," माणूस म्हणाला. "मी कुशाबा. ही रुपाली, आमची थोरली. कालच आलोय जी, हितं पावण्यांकडं मुक्काम केला. जीपच्या टपावर सायकल बांधून आणली."

"शर्यत पहिलीच का ग?"

"गोल फिरायची पहिलीच, सर," रुपाली म्हणाली. "मी घोडेगावला कॉलेजला जाते. येष्टीचा नेम नसतो, मग सायकलच. मामानं पुण्यातनं ही जुनी आणून दिली."

"येताना चढ सगळा," कुशाबा हसत म्हणाला. "आमी भाताची पेंढी बांधतोय तवर ही वर आलेली आसती. म्हणलं, बघू तरी, दुसऱ्या पोरींम्होरं काय करती."

ज्या मुलींकडं क्लबचे कपडे नव्हते त्यांना मंडळानं पिवळे टी-शर्ट वाटले होते. रुपालीनं स्वेटर काढून पिवळा टी-शर्ट चढवला, तो तिच्या जवळजवळ गुडघ्यापर्यंत येत होता. तिनं त्याची गाठ मारली. तसाच पिवळा टी-शर्ट घातलेल्या आणखी तिघी होत्या. सरांनी ते पाहिलं होतं. पाठीवर नंबर होते, त्यामुळं त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

शर्यत सुटली तेव्हा सगळ्यांचे डोळे प्रांजलवर होते. नारायणगावची प्रांजल दोन वर्षं पुण्याच्या क्लबात तयारी करत होती. तिचे वडील जानकू, द्राक्षबागायतदार. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, जानकूंनी ती विकून बाग लावली. पोरीच्या सायकलीसाठी जानकूंनी हात आखडता घेतला नव्हता, आणि पोरीनंही मेहनतीत कसूर केली नव्हती. पहाटे पाचला हायवेच्या कडेनं ती आळेफाट्यापर्यंत जाऊन यायची. सरांनी तिला लहानपणापासून पाहिलेलं. तिला जिंकताना बघायला त्यांना आवडलं असतं, हे खोटं कशाला बोला.

पण तिसऱ्याच फेऱ्यात नदीकडच्या बारीकशा चढावर रुपाली सगळ्यांना मागं टाकून निघाली. घोळक्यातल्या पोरी एकमेकींकडं बघत राहिल्या. नवखी आहे, दमेल आपोआप, असं त्यांना वाटलं असावं. ती दमली नाही. सहाव्या फेऱ्याला बारा सेकंद, आठव्याला वीस, दहाव्याला एकतीस. हौशीराम मंचावर स्टॉपवॉच घेऊन उभा होता, तिथूनच तो ओरडला, "रामदास, ही कोण रे वाघीण?" सरांनी वहीतून मान वर न काढता हात हलवला. ऊन आलं होतं, धुकं नदीच्या बाजूला सरकत होतं, कठड्याला टेकलेली माणसं आता 'तळेघर, तळेघर' म्हणून ओरडायला लागली होती.

बाराव्या फेऱ्याला रुपाली रेषेवरून गेली. सरांनी आकडा फिरवला आणि नंबर लिहायला पेन टेकवणार, तोच कुणीतरी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"सर, ओळखलं का?"

खाकी वर्दीतला धिप्पाड माणूस. सरांचा विद्यार्थी, वीस वर्षांपूर्वीचा, आता फौजदार. "तुम्ही मैदानाला फेऱ्या मारायला लावायचात म्हणून भरतीत निघालो, सर," तो म्हणाला. त्याच्याबरोबर त्याची बायको होती, तिलाही त्यानं नमस्कार करायला लावला. सरांचा ऊर भरून आला. नाही म्हटलं तरी माणूस अशा शब्दांसाठी जगतो. त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली, कुठं नेमणूक, पोरं किती, दोन-तीन वाक्यं झाली असतील, आणि वळून बघतात तो एकटी पिवळी मुलगी रेषेवरून चाललेली, तिच्या मागं थोड्या अंतरावर घोळका. सरांनी झटकन आकडा फिरवला, वहीत रुपालीचा नंबर लिहिला, शेजारी अंतर लिहायचं राहिलं ते राहिलं.

ती पिवळी मुलगी रुपाली नव्हती. रुपालीनं एक फेरा मागं टाकलेली दुसरीच कुणी होती ती. पण त्या क्षणी हे सरांच्या मनात आलं नाही. बोर्ड एक फेरा पुढं गेला आणि शर्यत चालत राहिली.

त्यानंतर प्रांजलनं डोकं लावलं. घोळक्यातल्या चौघींना तिनं आळीपाळीनं पुढं राहून वारा कापायला लावलं, पाठलाग सुरू झाला. एकतीसचे अठ्ठावीस झाले, मग चोवीस. रुपालीचा चेहरा लाल झाला होता, पण पाय थांबत नव्हते. बोर्डवर एकचा आकडा आला तेव्हा अंतर एकोणीस सेकंदांचं होतं. सरांनी दोरी धरून घंटा वाजवली. शेवटचा फेरा! माणसं कठड्यावर चढली. रुपालीनं घंटेकडं एक नजर टाकली. सरांना ती नजर जरा विचित्र वाटली, पण दुसऱ्याच क्षणी तिनं मान खाली घातली आणि अंगात होती नव्हती ती सगळी ताकद पायात ओतली.

इकडं मंचावर हौशीराम घड्याळाकडं बघून कपाळाला आठ्या घालत होता. दहा फेऱ्यांना वीस मिनिटं लागली होती. मग एकोणीस फेरे छत्तिसाव्या मिनिटाला कसे? त्यानं आपला कागद काढला, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. तोवर रुपाली रेषेवरून गेली, दोन्ही हात वर, आणि पुढं शंभर पावलांवर सायकल टाकून गवतात आडवी झाली. कुशाबा मुंडासं हातात घेऊन तिच्याकडं पळत सुटला.

तेवढ्यात बागेतले सगळे कर्णे एकदम हौशीरामच्या आवाजात बोलायला लागले. "अजून एक! मुलींनो, थांबू नका, अजून एक फेरा आहे! वीस व्हायचेत!"

घोळका रेषेपासून जेमतेम पन्नास मीटरवर होता. पोरी क्षणभर गोंधळल्या, एकमेकींकडं बघितलं, आणि प्रांजलनं "चला" म्हटल्यावर रेषेवरून तशाच पुढं निघून गेल्या. गवतात पडलेल्या रुपालीच्या शेजारून गेल्या. तिला काय चाललंय ते कळेना. कुणीतरी ओरडलं, "अगं ऊठ, फेरा राहिलाय!" ती उठली, सायकलवर बसली, पण पोटऱ्यांत गोळे आले होते. पहिला पाय मारतानाच ती कळवळली. तरी ती गेली. विसावा फेरा प्रांजलनं जिंकला, रुपाली नववी आली.

कर्ण्यावरून प्रांजलचं नाव पुकारलं गेलं, तिच्या गळ्यात पदक पडलं. सरांनी वही उघडली आणि रुपालीचा नंबर असलेल्या ओळी मोजल्या. ती गवतात आडवी झाली तोपर्यंतच्या ओळी एकोणीस. पेनाचं टोक लावून पुन्हा मोजल्या. एकोणीसच. म्हणजे बोर्ड वीस वेळा फिरला आणि पोरगी एकोणीस वेळा आली. बाराव्या ओळीशेजारी अंतराची जागा कोरी होती. ती कोरी जागा बघताच सरांना सगळं आठवलं. खाकी वर्दी, पायाला लागलेला हात, आणि वळून बघितल्यावर दिसलेला पिवळा टी-शर्ट.

मंचामागं हौशीरामनं त्यांना गाठलं. "काय झालं रे?"

"बोर्ड मी एकदा जास्त फिरवला. घंटा एक फेरा आधी वाजली."

हौशीरामनं मागं वळून पाहुण्यांकडं पाहिलं. ते चहा पीत होते. मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, वीस फेरे जाहीर केले होते. वीस पुरे केले ती जिंकली. पोरगी नवखी आहे, तिची मोजायची चूक झाली असं म्हणता येतं. नियमातसुद्धा लिहिलंय, फेरे मोजायची जबाबदारी स्पर्धकाची."

"घंटा सगळ्या बागेनं ऐकली, हौशीराम."

"ऐकली. पण गडबडीत कोण ध्यानात ठेवतंय? पाहुण्यांना वाटलं आपल्याला धड फेरेही मोजता येत नाहीत, तर निवड गेली पुण्याला परत. आणि तुझं काय? तेहतीस वर्षं लोक तुझं नाव घेतात. एका फेऱ्यासाठी ते घालवायचं का?" तो मित्राच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता. त्यात कपट नव्हतं. त्याला खरंच सरांची काळजी वाटत होती, आणि म्हणूनच सरांना ते जास्त जड गेलं.

कठड्यापाशी कुशाबा पोरीच्या पोटऱ्या चोळत बसला होता. सर तिथं जाऊन उभे राहिले. कुशाबानं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण नजर सरळ होती.

"आमाला ह्यातलं काय कळत न्हाई, सर. पण घंटी वाजली आन् पोरगी जीव तोडून गेली, एवढं म्या डोळ्यांनी बघितलं. घंटी वाजली व्हती ना?"

"वाजली होती," सर म्हणाले. "मी वाजवली होती."

ते तसेच मंचावर चढले आणि माईक हातात घेतला. "मी रामदास. बोर्ड माझ्याकडं होता. बाराव्या फेऱ्याला माझं लक्ष हललं आणि मी आकडा एकदा जास्त फिरवला. त्यामुळं घंटा एक फेरा आधी वाजली. चूक मुलीची नाही. चूक माझी आहे. वही इथं ठेवतोय, कुणालाही बघता येईल."

बागेत एकच गलका झाला. हौशीराम दोन मिनिटं डोकं धरून बसला. पण एकदा गोष्ट बाहेर पडल्यावर तोही खरा पंच निघाला. पाहुण्यांशी बोलून त्यानं निर्णय दिला. घंटा वाजली म्हणजे त्यापुढच्या एका फेऱ्यानं शर्यत संपली, एकोणिसाव्या फेऱ्याला रेषा ओलांडणारी पहिली, म्हणजे रुपाली. घोळक्याला मात्र रेषेवर यायच्या आधीच पुढं जायला सांगितलं होतं, तिथला क्रम कुणी लिहिलेला नव्हता. त्यामुळं दुसरा, तिसरा क्रमांक विसाव्या फेऱ्यावरून धरायचा. प्रांजल दुसरी.

तळेघरचं नाव पुकारल्यावर टाळ्या पडल्या. सरांना वाटलं होतं, बोलून टाकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. ते थोडं उतरलंही. पण खाली आले तर प्रांजल समोर उभी. गळ्यातलं पहिल्या क्रमांकाचं पदक तिनं काढून हातात धरलं होतं.

"सर, मला पुढं जा म्हणाले, मी गेले. पहिली आले. मी काय चुकले?"

"तू काही चुकली नाहीस."

"मग?"

तिच्या मागं जानकू उभे होते. त्यांनी सरांकडं बघितलं नाही, पोरीच्या हातातलं पदक घेऊन टेबलावर ठेवलं आणि तिला घेऊन निघून गेले. वर्षानुवर्षं रस्त्यात दिसले की गाडी थांबवून रामराम करणारा माणूस.

दुपारी सर कुशाबाला आणि रुपालीला जीपपाशी सोडायला गेले. घोडेगावपर्यंत जीप, पुढं जे मिळेल ते. ड्रायव्हर टपावर सायकल बांधत होता, कुशाबा त्याला दोरी कशी घ्यायची ते सांगत होता. रुपालीनं पदक ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवलं होतं.

"सर, एक सांगू का?"

"बोल ना."

"मी मोजत व्हते. हँडलला चिकटपट्टी लावलीय ना, दर फेऱ्याला नखानं एक चीर पाडत व्हते. घंटी वाजली तवा अठराच चिरा व्हत्या."

"मग थांबलीस का? एक फेरा अजून मारायचास की."

"म्हणलं, माझंच चुकलं आसंल. कठड्याजवळ लोकं बोलत व्हती सकाळी, सरांचा आकडा कधी चुकत न्हाई म्हणून." ती जरा लाजून हसली. "मला वाटलं, एक चीर पाडायची ऱ्हायली."

लोक आपलं नाव घेतात याचा सरांना तेहतीस वर्षं अभिमान होता. त्या नावानं एका पोरीला स्वतःच्या नखावरचा विश्वास सोडायला लावला होता. चूक तर कुणाचीही होते. पण ही पोरगी बरोबर असून थांबली होती, ते त्यांच्या नावाच्या वजनानं.

"पुन्हा असं झालं तर," ते म्हणाले, "कुणाचीही घंटा वाजू दे, तुझी चीर खरी धरायची. दोन फेरे जास्तीचे मारलेस तरी चालतील. समजलं?"

"हो, सर."

"आणि पंचाला ओरडून विचारायचं. घाबरायचं नाही."

"मंग पंच रागावंल न्हवं," कुशाबा मागून म्हणाला.

"रागावू द्या," सर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, मंगलताईंना, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जेवायला वाढलं, आणि एवढंच विचारलं, "प्रांजलकडं कधी जाताय?" सर म्हणाले, बघू. बघू बघू म्हणता दहा दिवस गेले. दोनदा ते स्कूटर काढून बायपासपर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले. जानकूंच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे त्यांना सुचत नव्हतं. वाटायचं, कबूल तर केलं सगळ्यांसमोर, आणखी काय करायचं? पण ती कबुली रुपालीच्या उपयोगाची होती. प्रांजलच्या हातात त्यातून काही आलं नव्हतं, उलट होतं ते गेलं होतं.

अकराव्या दिवशी ते गेले. जानकूंच्या बागेत विरळणी चालली होती, घडांतले जास्तीचे मणी कातरून काढायची. कात्र्या घेतलेल्या बाया वेलींखाली माना वर करून उभ्या होत्या, मधूनच हसण्याचा आवाज येत होता. जानकूंनी सरांना पाहिलं, "या," म्हणाले, खुर्ची दिली आणि पुन्हा कामाला लागले. प्रांजल शेडमध्ये सायकलची साखळी पुसत होती. सर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मी माफी मागायला आलोय," ते म्हणाले. "त्या दिवशी तू विचारलंस, त्याचं उत्तर आजही माझ्याकडं नाही. तू चुकली नव्हतीस आणि तरी तुझं गेलं. ते माझ्यामुळं."

प्रांजल साखळी पुसत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "पदकाचं काही नाही, सर. पहिले दोन दिवस वाईट वाटलं. नंतर दुसरंच डोक्यात बसलं. तो फेरा खरा झाला असता, म्हणजे तिला माहीत असतं की अजून एक आहे, तर मी तिला धरली असती का?"

सरांनी खिशातून वही काढली. ती त्यांनी रोज बरोबर ठेवली होती. तेराव्या फेऱ्यापासूनची अंतरं त्यांनी तिला वाचून दाखवली. एकतीस, तीस, अठ्ठावीस, सत्तावीस, चोवीस, एकोणीस. आणि तिनं हात वर केले तेव्हा पंधरा.

"शेवटी आम्ही चार-पाच सेकंदांनी कमी करत होतो," प्रांजल म्हणाली. तिनं फडकं खाली ठेवलं होतं. "तरी दहा उरतात."

"हो. पण शेवटच्या फेऱ्यात तिनं सगळं काढलं होतं. तिच्यात काही शिल्लक नव्हतं. विसावा मारावा लागला असता तर कदाचित मोडली असती."

"पण घंटा वाजली नसती तर तिनं सगळं काढलंच नसतं. राखून ठेवलं असतं."

"तेही आहे."

"मग धरली असती का?"

सरांनी वही मिटली. "माहीत नाही, प्रांजल. कुणालाच कळणार नाही. ते कळायची एकच जागा होती, ती मी बिघडवली."

बाहेर कात्र्यांचा आवाज येत होता. मग तिनं मान डोलावली. सरांना वाटलं, ही माफी नव्हे, पण खोटं काही सांगितलं नाही याची पोच असावी.

जानकू हात धुऊन शेडमध्ये आले होते, दाराशी उभं राहून ऐकत होते. त्यांनी घरात हाक मारून चहा सांगितला, आणि खाली पोत्यावर बसले. "पुढच्या शर्यतीला बोर्ड कोण धरणार?" त्यांनी विचारलं.

"मंडळ म्हणतंय मीच. मी म्हटलं, धरतो, पण शेजारी आणखी एक माणूस पाहिजे, वेगळी वही घेऊन. एकट्यानं मोजायचं नाही."

"आमचे वडील मेंढरं एकट्यानं कधी मोजायचे न्हाईत," जानकू म्हणाले. "रात्री कुंपणाच्या वाडग्यात घालताना एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आई. दोघांचा आकडा जुळला तरच दार लावायचं."

"आणि जुळला नाही तर?"

"सगळी बाहेर काढायची, पयल्यापासनं." जानकू पहिल्यांदा जरासे हसले. "लई शिव्या द्यायची आई. पण मोजायची."

चहा आला. प्रांजलनं कप घेतला आणि सरांच्या वहीतलं ते पान मागितलं. सरांनी पान फाडलं नाही, वहीच तिच्या हातात दिली. ती उभ्या उभ्याच पुन्हा ते आकडे वाचायला लागली, आणि तळेघरच्या रस्त्याला चढ किती किलोमीटरचा आहे, असं मधेच तिनं विचारलं.